जुन्या गाडीचा न मिळणारा फ्यूज: माप, आकडा आणि वायर

पस्तीसचा फ्यूज उडाला होता, म्हणून पस्तीसचाच बसवला. लांबी तीच, जाडी तीच, काचही तशीच. पुढच्याच आठवड्यात हीटरच्या पंख्याची मोटर आतून अर्धवट शॉर्ट झाली. फ्यूज शाबूत राहिला आणि डॅशबोर्डाखालची हिरवी वायर टोकापासून टोकापर्यंत वितळली. ही माझ्या पहिल्या जुन्या ब्रिटिश गाडीची गोष्ट. दोन्ही फ्यूजवर ३५ हाच आकडा होता, पण त्या दोन आकड्यांचा अर्थ एकमेकांपासून फार लांबचा होता, आणि ते मला वायर जळल्यावर कळलं. जुन्या गाडीला जुना फ्यूज मिळत नाही तेव्हा पर्याय शोधावाच लागतो. तो शोधताना कुठे बघायचं, काय मोजायचं आणि कशाला हात लावायचा नाही, ते इथे क्रमाने लिहितो.

आकडा काय सांगतो

ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या फ्यूजवर जो आकडा छापलेला असतो, तो फ्यूज ज्या करंटला उडतो तो आकडा. ३५ अँपिअरचा ल्युकास फ्यूज सतत वाहून नेऊ शकतो फक्त १७ अँपिअर. ५० चा असेल तर २५. अमेरिकी एजीसी पद्धतीचा काचेचा फ्यूज मापाला जवळपास तसाच, पाव इंच जाड आणि सव्वा इंच लांब. त्यावरचा आकडा मात्र तो किती करंट निर्धास्त वाहू देईल हे सांगतो. छापलेल्या आकड्याच्या ११० टक्के करंट तो चार तास तरी सहन करतो, १३५ टक्क्यांना तासाभरात उडतो आणि दुप्पट करंटला काही सेकंदांत. हिशेब करून बघा. ३५ चा एजीसी ३८ अँपिअर तासन्‌तास जाऊ देईल, आणि मूळ वायर मात्र १७ अँपिअरच्या बेताने घातलेली. माझी हिरवी वायर अशीच गेली.

म्हणून ल्युकासच्या ३५ च्या जागी एजीसी घ्यायचा तर १५ चा घ्या. सगळी उपकरणं एकदम चालू केल्यावर तो उडत असेल तर लगेच २० वर उडी मारू नका. आधी खाली सांगितल्याप्रमाणे वायर आणि लोड मोजा. काही नव्याने बनवलेल्या फ्यूजवर दोन्ही आकडे छापलेले असतात, १७ आणि ३५. असा मिळाला तर तोच घ्यावा.

जर्मन, इटालियन आणि इतर युरोपीय गाड्यांत दुसरी जात सापडते. सहा मिलिमीटर जाड, २५ मिलिमीटर लांब, दोन्ही टोकं निमुळती, आणि अंगावरून धातूची उघडी पट्टी गेलेली. या टॉर्पेडो फ्यूजचं शरीर पूर्वी चिनीमातीचं असे, आता बहुतेक प्लॅस्टिकचं असतं. रंगावरून अँपिअर ओळखायचे: पिवळा ५, पांढरा ८, लाल १६, निळा २५. इथे एक सापळा आहे. हल्लीच्या चपट्या, दोन पात्यांच्या फ्यूजमध्येही रंगाचीच भाषा आहे, पण शब्दकोश वेगळा. त्यात लाल म्हणजे १०, निळा म्हणजे १५, पिवळा म्हणजे २०. टॉर्पेडोचा पिवळा ५ अँपिअरचा आणि पात्याचा पिवळा २० चा, म्हणजे चौपट. 'पिवळ्याच्या जागी पिवळा' असं म्हणून कुणी बदली केली तर ती वायर देवाच्या भरवशावर राहिली. आकडा वाचा, रंगाकडे बघूच नका.

तिसरी जात जुन्या अमेरिकी गाड्यांतली, एसएफई नावाची. यात अँपिअरप्रमाणे लांबी बदलते. ४ अँपिअरचा पाऊण इंचाहूनही आखूड, २० चा सव्वा इंच, ३० चा त्याहूनही लांब. यामागचा विचार फार चांगला होता: चुकीचा फ्यूज त्या जागी बसताच कामा नये. तेव्हा अशा होल्डरमध्ये आखूड फ्यूज बसवायला मध्ये स्प्रिंग, वॉशर किंवा चांदीच्या कागदाची गोळी घालणं म्हणजे आखणी करणाऱ्याने मुद्दाम घातलेलं कुलूप तोडणं. एसएफई २० आणि एजीसी २० मात्र लांबीला सारखे असतात, त्यामुळे तिथे बदली सरळ होते.

उडालेला फ्यूज टाकून देऊ नका

नवा शोधण्याआधी जुना उजेडात धरा. तो का गेला हे बहुतेक वेळा त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं.

तार मधोमध शांतपणे वितळलेली आणि काच स्वच्छ असेल तर करंट मर्यादेहून थोडा जास्त, बराच वेळ वाहत होता. जास्तीचा हॉर्न, जास्त वॅटचा बल्ब, वंगण सुकून जड फिरणारी वाइपरची मोटर अशी कारणं बघा. काच आतून काळी पडलेली किंवा आरशासारखी चकाकणारी असेल तर तार एका क्षणात वाफ होऊन उडालेली आहे. हा थेट शॉर्ट. तो सापडेपर्यंत नवा फ्यूज घालण्यात अर्थ नाही, विशेषतः हातात शेवटचाच असेल तर.

तिसरी खूण सगळ्यात जास्त दुर्लक्षित. तार धड असते, पण एका टोकाची टोपी तपकिरी पडलेली, सैल झालेली, किंवा टॉर्पेडो फ्यूजचं प्लॅस्टिक एका बाजूला मऊ होऊन वाकलेलं. फ्यूजमधून जास्त करंट गेला म्हणून हे होत नाही. क्लिपची पकड ढिली झाली, तिथे विरोध वाढला आणि उष्णता तयार झाली. इथे कितीही भारी फ्यूज आणा, महिन्याभरात त्याची हीच गत होईल. आणि चौथी शक्यता निव्वळ वयाची. दर वेळी दिवा लागला की तार तापते, विझला की थंड होते. चाळीस-पन्नास वर्षं हे चाललं की तार थकून तुटते. तेव्हा नवा घातला की प्रश्न मिटतो. पण हे अनुमान बाकीच्या तिन्ही शक्यता तपासून झाल्यावरच काढायचं.

शेवटचा फ्यूज न जाळता शॉर्ट शोधणं

ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूजच्या जागी दोन क्लिपांना लावा. १२ व्होल्टवर हा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जाऊ देतो, त्यामुळे पलीकडे थेट शॉर्ट असला तरी वायरीला धोका नाही. बल्ब पूर्ण तेजाने पेटला म्हणजे पलीकडे शॉर्ट आहे. आता त्या फ्यूजवरची उपकरणं एकेक करून सोडवा. ज्याची जोडणी काढताच बल्ब मंद होतो किंवा विझतो, दोष तिथे. सगळं सोडवूनही बल्ब पेटताच राहिला तर दोष वायरीत आहे. मग हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने हलवत पुढे जा. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथलं रबर फाटलंय का, डिकीच्या झाकणाच्या बिजागरीपाशी वायर घासलीय का, हे आधी बघा.

यात एक फसगत होऊ शकते. त्या सर्किटवर मोठा लोड चालू असेल तर शॉर्ट नसतानाही बल्ब बराच तेजाने पेटतो. म्हणून सुरुवातीला सगळे स्विच बंद ठेवा.

वायर मोजा, कारण फ्यूज तिच्यासाठी आहे

फ्यूज उपकरणाचं रक्षण करतो असा समज फार पसरलेला आहे. मोटर जळायची तर ती फ्यूजच्या मर्यादेत राहूनही जळते. फ्यूजचं काम वायर तापून पेट घेण्याआधी करंट तोडणं, एवढंच. त्यामुळे न मिळणाऱ्या फ्यूजचा पर्याय ठरवताना शेवटचा शब्द वायरीचा.

फ्यूजपासून निघणाऱ्या वायरीच्या टोकाला आत किती तारा आहेत ते मोजा आणि एका तारेचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्या. तारांची संख्या, गुणिले व्यास, गुणिले व्यास, गुणिले ०.७८५, एवढं केलं की छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये मिळतं. ब्रिटिश गाड्यांत ०.३० मिलिमीटर व्यासाच्या २८ तारांची वायर नेहमी सापडते: २८ × ०.३ × ०.३ × ०.७८५ = १.९८, म्हणजे जवळपास दोन चौरस मिलिमीटर. तिची क्षमता १७.५ अँपिअर धरलेली आहे. आता १७ चा आकडा कुठून आला ते लक्षात येईल. १४ तारांची वायर तिच्या निम्मी, ८.७५ अँपिअरची.

आणि इथे जुन्या गाड्यांची एक मूळचीच उणीव दिसते. त्या काळी दोन किंवा चार फ्यूजवर अख्खी गाडी चालवत. एका फ्यूजमागून निघालेली जाड वायर पुढे पाच-सहा बारीक वायरींत वाटली जायची आणि त्या बारीक वायरींना स्वतःचा फ्यूज नसायचा. १७ अँपिअरचा फ्यूज ८.७५ च्या वायरीला पुरेसं संरक्षण देत नाही. म्हणून मी स्वतः रेडिओ, हीटरचा पंखा आणि नंतर बसवलेलं कुठलंही उपकरण वेगळ्या छोट्या इनलाइन फ्यूजवर, म्हणजे त्याच्याच वायरीत मध्ये बसवलेल्या फ्यूजवर, घेतो. मुख्य फ्यूजचा भार कमी होतो, आणि कधी कधी तो एक पायरी खालचा बसवूनही भागतं.

लोडचा हिशेब सोपा आहे. सगळ्या बल्बांचे वॅट मिळवा आणि व्होल्टने भागा. २१ वॅटचे दोन ब्रेकलाइट म्हणजे ४२ वॅट, १२ व्होल्टवर साडेतीन अँपिअर. गाडी ६ व्होल्टची असेल तर तेच सात. याच कारणाने ६ व्होल्टच्या गाड्यांत वायरी जाड आणि फ्यूज मोठे दिसतात, त्यांना १२ व्होल्टच्या गाडीचे आकडे लावू नका. मोटरचा करंट अंदाजाने धरण्यापेक्षा डीसी क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरीभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने, मोजावा. नेहमीचा लोड फ्यूजच्या आकड्याच्या तीन-चतुर्थांशाच्या आत हवा, आणि फ्यूजचा आकडा वायरीच्या क्षमतेच्या आत. दोन्ही अटी एकदम पाळता येत नसतील तर फ्यूज बदलून उपयोग नाही. सर्किटचे दोन भाग करा किंवा वायर बदला.

काम सुरू करताना

बॅटरी सोडवा. नेहमी सांगतात की ऋण टर्मिनल आधी काढा, पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असे. अशा गाडीत ऋण टोकावर पाना लावला आणि तो पत्र्याला टेकला की ठिणग्या उडतात. तेव्हा नियम असा लक्षात ठेवा: जी केबल बॉडीला किंवा इंजिनला जाते ती आधी काढायची आणि शेवटी लावायची.

मग फ्यूज बॉक्सचा फोटो काढा आणि प्रत्येक वायरीला चिकटपट्टीने नाव द्या. ब्रिटिश गाडीत तपकिरी वायर कायम जिवंत असते, जांभळी म्हणजे तीच फ्यूजनंतर, पांढरी इग्निशन चालू केल्यावर जिवंत होणारी आणि हिरवी तिची फ्यूजनंतरची बाजू. जर्मन गाडीत रंगांपेक्षा टर्मिनलचे आकडे उपयोगी: ३० कायम जिवंत, १५ इग्निशनवर, ३१ म्हणजे अर्थ, बॉडीला जोडलेलं.

क्लिप हीच खरी दुखरी जागा

माझ्या अनुभवात 'फ्यूज सारखा उडतो' या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी क्लिपच्या असतात. पितळेला कळंक चढलेला असतो, क्लिपचे पाय फाकलेले असतात, मागचा रिव्हेट सैल झालेला असतो. दहा अँपिअर वाहत असताना एका सांध्यावर फक्त ०.१ व्होल्ट पडले तरी तिथे एक वॅट उष्णता तयार होते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण शेंगदाण्याएवढ्या जागेत, बंद डब्यात, तासभर ती साठत राहते.

साफसफाई फायबरग्लासच्या पेन-ब्रशने करावी. तो नसेल तर अगदी बारीक पॉलिश पेपर चालेल, पण कानस नको. मूळ मुलामा एकदा खरवडला गेला की पितळ आणखी लवकर काळवंडतं. कळंक जाड असेल आणि बॉक्स गाडीतून सुटा काढता येत असेल तर तो सौम्य सायट्रिक आम्लात थोडा वेळ ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात, मग साध्या पाण्यात, आणि पूर्ण वाळवा. रिव्हेटच्या आत आम्ल राहिलं तर महिन्याभरात तिथूनच हिरवं फुटतं, म्हणून सोड्याचं पाणी वगळू नका. त्यानंतर क्लिपचे पाय नाकाच्या पक्कडीने हलकेच आत घ्या. फ्यूज घालताना अंगठ्याला जोर लागला पाहिजे. जुनी पितळ ठिसूळ झालेली असते, एका दमात वाकवली तर मोडते. थोडं वाकवा, फ्यूज घालून बघा, पुन्हा थोडं. सैल रिव्हेट मागून एखाद-दुसऱ्या हलक्या ठोक्याने घट्ट होतो, नाहीतर त्यावर डाख द्यावा.

शेवटी संपर्काच्या जागी पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात. पुढच्या ओलाव्यापासून बचाव होतो.

टॉर्पेडो फ्यूज घेताना पट्टी कशाची आहे ते बघा. स्वस्तातल्या फ्यूजची पट्टी ॲल्युमिनियमची असते, आणि पितळी क्लिप, ॲल्युमिनियम व ओलावा एकत्र आले की दोन्ही धातूंत गंज सुरू होतो. तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीचे फ्यूज निवडावेत. बॉक्समध्ये बसवून झाल्यावर प्रत्येक फ्यूज बोटाने एकदोन वळसे फिरवा, संपर्क घासून स्वच्छ होतो.

जुन्या रूपात नवा फ्यूज

मूळ मापाचा फ्यूज कुठेच मिळत नसेल, किंवा जुन्या बॉक्सवर भरवसा उरला नसेल, तर पात्याच्या फ्यूजकडे जावं. हा प्रकार १९७६ मध्ये बाजारात आला आणि त्यातला संपर्क काचेच्या नळीपेक्षा कितीतरी खात्रीचा आहे. बॉक्सचं मूळ रूप मोडायचं नसेल तर ही पद्धत वापरा: जुना बॉक्स जागेवर राहू द्या. त्याच्या मागच्या टर्मिनलवरून वायरी काढून डॅशबोर्डाखाली किंवा बॅटरीजवळ लपवलेल्या पात्याच्या बॉक्सला जोडा. जोडण्या योग्य मापाच्या लगने (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा), चांगल्या क्रिम्पिंग पक्कडीने. पुढच्या बाजूला दिसायला जुनेच फ्यूज.

टर्मिनलवरून वायरी पूर्ण काढणं शक्य नसलं, म्हणजे जुना बॉक्स सर्किटला जोडलेलाच राहणार असला, तर फार जपावं लागतं. अशा वेळी समोर दिसणारा फ्यूज उडालेलाच असला पाहिजे. पुढे कधी कुणी तो 'उडालाय' म्हणून धड फ्यूज घातला, की दोन फ्यूज समांतर झाले. १५ आणि १५ मिळून ३० अँपिअर वाहू लागतील आणि बाहेरून काहीच कळणार नाही. म्हणून बॉक्सच्या झाकणाच्या आत ठळक लिहून ठेवा: 'हे फ्यूज फक्त दिसण्यापुरते, खरे अमुक ठिकाणी.'

घरगुती उपकरणांतले २५० व्होल्टचे काचेचे फ्यूज गाडीत चालतात का, असा प्रश्न नेहमी येतो. माप आणि अँपिअर जुळत असतील तर जास्त व्होल्टेजचा फ्यूज कमी व्होल्टेजवर चालतो. उलट मात्र कधीही नाही: गाडीचा ३२ व्होल्टचा फ्यूज घरच्या विजेवर लावू नये. पाच मिलिमीटर जाडीचा छोटा फ्यूज कागद गुंडाळून मोठ्या क्लिपमध्ये बसवणंही नाही.

मोठ्या करंटचे दोन प्रकार वेगळे असतात. दोन स्क्रूंनी बसणारी उघडी धातूची पट्टी, जी काही जुन्या डिझेल गाड्यांत ग्लो प्लगसाठी ८० अँपिअरची असते, तिच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा, बंद घरातला, स्क्रूने बसणारा फ्यूज चालतो. दुसरा प्रकार फ्यूजिबल लिंक. दिसायला ती साधी वायर, पण सर्किटच्या वायरीपेक्षा चार गेज (वायरीच्या जाडीच्या चार पायऱ्या) बारीक, आणि तिचं आवरण जळताना पेट घेणार नाही असं. तिथे साधी वायर लावली तर आवरणच आग पुढे नेईल.

चाचणी

विकत आणलेल्या फ्यूजवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. काही स्वस्त फ्यूज छापलेल्या आकड्याच्या दुपटीलाही उडत नाहीत. पाकिटातला एक फ्यूज बळी द्या. ५ अँपिअरचा पात्याचा किंवा एजीसी फ्यूज घ्या, त्याच्यापुढे ६० वॅटचे दोन हेडलाइट बल्ब समांतर जोडा आणि सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीला लावा. बॅटरीजवळ २० चा एक रखवालदार फ्यूज असू द्या. थंड बल्ब पहिल्या क्षणी खूप करंट ओढतो, त्यामुळे आधी चाचणीच्या फ्यूजला एक जाड तार समांतर लावून बल्ब पेटवा आणि मग ती तार काढा. आता जवळपास १० अँपिअर फ्यूजमधून जातील. पाच सेकंदांत तो उडला पाहिजे. नाही उडला तर ते पाकीट गाडीत नेऊ नका.

गाडीत बसवल्यावर त्या सर्किटवरची सगळी उपकरणं एकदम चालू करून दहा मिनिटं ठेवा. मल्टीमीटर मिलिव्होल्टवर घेऊन एक टोक येणाऱ्या वायरीच्या लगला आणि दुसरं जाणाऱ्या वायरीच्या लगला लावा, म्हणजे फ्यूज आणि दोन्ही क्लिप एकत्र मोजल्या जातात. शंभर मिलिव्होल्टच्या वर आकडा दिसला तर टप्प्याटप्प्याने मोजा: लगपासून क्लिप, क्लिपपासून टोपी, टोपीपासून टोपी. कुठल्या सांध्यात व्होल्टेज हरवतंय ते लगेच सापडतं. मग सगळं बंद करून टोप्यांना बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तर क्लिप पुन्हा उघडा.

झाकणाच्या आत एक कागद चिकटवा. प्रत्येक जागेसाठी फ्यूजची लांबी, सतत वाहण्याचा अँपिअर, वायरीची जाडी आणि त्यावर कोणती उपकरणं आहेत, एवढं लिहा. मूळ फ्यूजवर छापलेला आकडाही लिहा, पण कंसात, आणि त्याच्यापुढे 'उडण्याचा' हा शब्द नक्की. त्याच कागदाखाली, जुन्या फिल्मच्या डबीत, प्रत्येक मापाचे दोन तपासलेले फ्यूज आणि तो २१ वॅटचा बल्ब.